नोटेवरचा खांब आणि कराराचं विसावं कलम

1988 साली ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने दहा डॉलरची एक खास नोट काढली. युरोपीय वसाहतीला दोनशे वर्षं झाल्याचं निमित्त होतं. नोटेच्या एका बाजूला वसाहत करायला आलेल्यांचं जहाज, दुसऱ्या बाजूला अंगावर रंग रेखलेला एक आदिवासी तरुण आणि त्याच्यासोबत एक नक्षीदार खांब.

हा खांब शोभेचा नव्हता. त्याला पहाटेच्या ताऱ्याचा खांब म्हणतात. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या योलंगू लोकांत कुणी मोठं माणूस गेलं की जे विधी होतात त्यांत तो लागतो, आणि एका कुळाचं दुसऱ्या कुळाशी असलेलं नातंही त्यातून सांगितलं जातं. असा खांब वाटेल त्याने करायचा नसतो. दीक्षेच्या पायऱ्या चढून ज्याला अधिकार मिळतो त्यानेच तो घडवायचा. गाल्पू कुळातल्या टेरी युम्बुलुल यांना तो अधिकार होता. त्यांनी खांब घडवला, तो संग्रहालयात गेला, आणि कलाकारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेमार्फत बँकेला तो नोटेवर छापण्याचा परवाना मिळाला. संस्थेला हक्क देणाऱ्या कागदांवर सही युम्बुलुल यांचीच होती.

नोट हातोहाती फिरू लागली तसा समाजाने त्यांना जाब विचारला. खांब करण्याचा अधिकार त्यांना होता, पण तो पैशावर छापू देण्याचा अधिकार त्यात कुठे आला? युम्बुलुल कोर्टात गेले. 1991 साली निकाल लागला: सही आहे, परवाना आहे, आणि तो कायद्याने ग्राह्य आहे. न्यायाधीशांनी निकालात एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवली. जी कलाकृती मुळात सगळ्या समाजाची आहे, तिचा वापर कसा व्हावा यावर समाजाचा जो दावा असतो, त्याची पुरेशी दखल देशाचा कॉपीराइट कायदा घेत नाही.

कायदा विचारत होता, हे केलं कुणी? समाज विचारत होता, हे सांभाळायचं कुणी? सांस्कृतिक विविधता आणि बौद्धिक संपदा यांच्यावरचे आंतरराष्ट्रीय करार म्हणजे थोडक्यात या दोन प्रश्नांची सव्वाशे-दीडशे वर्षांची रस्सीखेच आहे. करारांची नावं लांबलचक, भाषा कोरडी आणि कलमं ढीगभर. पण हे दोन प्रश्न डोक्यात ठेवले की कुठला करार कुणाच्या बाजूने बोलतोय ते लगेच कळतं.

एका कलमातून निघालेले दोन संसार

1948 च्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्यात सत्ताविसावं कलम आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला म्हणतो, समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसरा म्हणतो, आपण निर्माण केलेल्या शास्त्रीय, साहित्यिक किंवा कलात्मक कृतीतून येणाऱ्या नैतिक आणि आर्थिक हितांचं रक्षण होण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे. म्हणजे संस्कृती सगळ्यांची, आणि कृती ज्याची त्याची. दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी, एकाच कलमात. कागदावर ती सुखाने नांदतात. प्रत्यक्षात दोघांनी वेगळे संसार थाटले.

बौद्धिक संपदेचा संसार तर त्याआधीच थाटलेला होता. पेटंट आणि ट्रेडमार्कसाठीचा पॅरिस करार 1883 चा, कॉपीराइटसाठीचा बर्न करार 1886 चा. हे दोन्ही करार आज जिनिव्हातली जागतिक बौद्धिक संपदा संघटना सांभाळते. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘वायपो’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. मग 1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि तिच्यासोबत ‘ट्रिप्स’ हा, म्हणजे बौद्धिक संपदा हक्कांच्या व्यापाराशी निगडित बाजूंचा करार आला. त्याने पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क वगैरे सगळ्यांचे किमान नियम ठरवले आणि ते थेट व्यापाराला बांधून टाकले.

हे बांधणं महत्त्वाचं आहे. आधीच्या करारांतला एखादा नियम एखाद्या देशाने पाळला नाही तर त्याचं फारसं काही वाकडं होत नसे. ट्रिप्सनंतर दुसरा देश तक्रार करू शकतो, निवाडा मंडळ बसतं, आणि हरलेल्याने ऐकलं नाही तर तक्रारदार त्याच्या मालावर जादा जकात लावू शकतो. जोडे बनवणाऱ्याने चित्रपटाच्या भांडणाची किंमत मोजावी, अशीही वेळ येऊ शकते.

दुसरा संसार युनेस्कोचा. तिथले तीन कागद लक्षात ठेवले तर पुरे. 2001 चा सांस्कृतिक विविधतेचा जाहीरनामा, 2003 चा अमूर्त सांस्कृतिक वारशाचा (म्हणजे कला, सण, कौशल्यं अशा जिवंत परंपरांचा) करार आणि 2005 चा सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेचा करार. जाहीरनाम्यात एक सुंदर उपमा आहे: निसर्गाला जैवविविधता जितकी गरजेची, तितकीच माणसाला सांस्कृतिक विविधता. उपमा सुंदर आहे, पण तिच्यावर कुणी दावा ठोकू शकत नाही. जाहीरनामा बंधनकारक नसतो. करार बंधनकारक असतात खरे, पण बंधन किती घट्ट हे वेगळंच प्रकरण आहे. त्याकडे येऊच.

कॉपीराइटला काय हवं असतं

कॉपीराइट मागायला गेलात तर कायदा तुम्हाला काही गोष्टी विचारणारच. निर्माता कोण? कृती स्वतःची आहे की कुणाची उचललेली? ती कधी तयार झाली? कारण मुदत त्यावरून मोजायची: बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर निदान 50 वर्षं. बऱ्याच देशांत ती 70 आहे. पेटंट हवं असेल तर शोध नवा असला पाहिजे, आणि 20 वर्षांनी तो सगळ्यांना मोकळा होतो.

आता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नक्षीला, गाण्याला किंवा औषधी ज्ञानाला हेच प्रश्न विचारून बघा. निर्माता? माहीत नाही, किंवा सगळेच. नवीन? मुळीच नाही, जुनं आहे हीच तर त्याची किंमत. तारीख? नाही. मग कायद्याच्या हिशेबात ती वस्तू ‘सार्वजनिक मालकीची’ ठरते, म्हणजे कुणीही घ्यावी. सार्वजनिक मालकी हा शब्द ऐकायला छान वाटतो, आणि शेक्सपिअरच्या नाटकांच्या बाबतीत तो छान आहेही. पण ज्या समाजात एखादी नक्षी कुणी काढायची, कुणी पाहायची, ती कुणाला दाखवायचीच नाही, याचे नियम आजही जिवंत आहेत, तिथे ‘कुणीही घ्यावी’ म्हणजे काय हे तुम्हीच ठरवा. मालक नाही म्हणजे नियम नाहीत, असं कायदा गृहीत धरतो. तिथे नियम असतात. फक्त ते नोंदणी कार्यालयात नसतात.

नोटेच्या निकालानंतर सात वर्षांनी ऑस्ट्रेलियातच हा प्रश्न पुन्हा कोर्टात आला. गनालबिंगू लोकांचे चित्रकार जॉन बुलुन बुलुन यांनी पाणवठा, त्यावरचे मॅगपाय हंस आणि कमळं यांचं चित्र 1978 साली काढलं होतं. तो पाणवठा साधा नाही. त्या कुळाच्या उत्पत्तिकथेशी जोडलेली ती जागा आहे. हे चित्र परवानगीशिवाय कापडावर छापून आयात झालं. बुलुन बुलुन यांनी दावा लावला आणि कापडवाल्या कंपनीने चूक कबूल केली. एकट्या चित्रकाराचा प्रश्न तिथेच संपला.

पण कुळाचे मुखिया जॉर्ज मिलपुरुरू हेही दावेदार होते, आणि त्यांचं म्हणणं वेगळं होतं: या चित्रावर आमच्या सगळ्या कुळाचाही हक्क आहे. 1998 च्या निकालात न्यायमूर्ती फॉन डूसा यांनी कुळाला कॉपीराइटमध्ये वाटा दिला नाही. कायद्यात तशी जागाच नव्हती. त्यांनी दुसरी वाट काढली. चित्रकार चित्राचा मालक असला तरी कुळाच्या विधिज्ञानातून ते चित्र आलं आहे, म्हणून तो कुळाचा एक प्रकारे विश्वस्त आहे. चित्राचा गैरवापर झाला तर त्याने पाऊल उचललंच पाहिजे. त्याने उचललं नाही, तर कुळ कोर्टात येऊ शकतं. या खटल्यात चित्रकाराने स्वतःच दावा लावला होता, त्यामुळे कुळाला वेगळं काही मिळालं नाही. पण ‘मालक’ आणि ‘सांभाळणारा’ हे दोन शब्द कोर्टाच्या कागदावर पहिल्यांदा इतके जवळ आले. मला हा निकाल अनेक मोठ्या करारांपेक्षा जास्त शहाणा वाटतो.

मासिकं, चित्रपट आणि व्यापाराची भांडणं

युनेस्कोचा 2005 चा करार या आदिवासी प्रश्नातून जन्मला असं वाटू शकतं. तसं नाही. तो जन्मला मासिकं आणि चित्रपटांच्या भांडणातून, आणि ते भांडण श्रीमंत देशांमधलं होतं.

1993 साली व्यापार करारांच्या वाटाघाटी शेवटाला आल्या तेव्हा फ्रान्स अडून बसला. चित्रपट आणि दूरचित्रवाणी हा इतर मालासारखा माल नाही, त्यांना मुक्त व्यापाराच्या नियमांत ओढू नका, असं त्याचं म्हणणं. यालाच तेव्हा ‘सांस्कृतिक अपवाद’ म्हणत. अमेरिकेला हे साफ नामंजूर होतं. शेवटी युरोपने चित्रपट-टीव्हीच्या बाबतीत बाजार खुला करण्याचं कुठलंही वचन दिलं नाही, आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

मग कॅनडाची पाळी आली. काही अमेरिकी मासिकं मजकूर तोच ठेवून कॅनडातल्या जाहिराती घालून तिथली खास आवृत्ती काढायची. मजकुराचा खर्च आधीच निघालेला, त्यामुळे जाहिरातीचे दर कमी ठेवणं त्यांना परवडायचं, आणि स्थानिक मासिकं मार खायची. कॅनडाने अशा आवृत्त्यांतल्या जाहिरातींवर 80 टक्के कर बसवला. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि 1997 साली कॅनडा हरला. निवाडा करणाऱ्यांच्या दृष्टीने मासिक हा एक माल होता, आणि परदेशी मालाला स्थानिक मालापेक्षा वाईट वागणूक द्यायची नाही हा नियम होता.

या पराभवातून कॅनडा आणि फ्रान्स एक धडा शिकले: व्यापाराच्या कोर्टात संस्कृतीचा मुद्दा मांडायचा तर हातात तसा कागद हवा. व्यापार संघटनेत तो मिळणार नाही, म्हणून ते युनेस्कोकडे वळले. 20 ऑक्टोबर 2005 ला पॅरिसमध्ये मतदान झालं. बाजूने 148, विरोधात दोन (अमेरिका आणि इस्रायल), तटस्थ चार. अमेरिका जवळपास दोन दशकं बाहेर राहून 2003 मध्ये नुकतीच युनेस्कोत परतली होती आणि तिने या कराराला जोरदार विरोध केला. 18 मार्च 2007 ला करार लागू झाला. आज दीडशेहून जास्त देश त्यात आहेत, आणि युरोपीय संघही स्वतंत्र सदस्य आहे.

करार म्हणतो तरी काय? सांस्कृतिक वस्तू आणि सेवा यांना बाजारात किंमत असते, पण त्या ओळख, मूल्यं आणि अर्थही वाहून नेतात. म्हणून त्यांना निव्वळ माल समजू नये. आपल्या भाषेतल्या चित्रपटाला अनुदान देणं, स्थानिक कार्यक्रमांसाठी वेळ राखून ठेवणं, सार्वजनिक प्रसारण चालवणं, हा प्रत्येक देशाचा अधिकार आहे. विकसनशील देशांतल्या कलाकारांना आणि त्यांच्या कलाकृतींना श्रीमंत देशांनी सवलतीची वागणूक द्यावी. त्यासाठी एक निधीही आहे, पण त्यात पैसे घालणं ऐच्छिक.

बौद्धिक संपदेचं काय? प्रस्तावनेत एक ओळ आहे: सर्जनशील काम करणाऱ्यांना टिकवून धरण्यात बौद्धिक संपदा हक्कांचं महत्त्व आम्ही मानतो. बस्स. त्यापुढच्या पस्तीस कलमांत या विषयावर एकही नियम नाही. संस्कृतीवरचा एवढा मोठा करार, आणि संस्कृती कुणाच्या मालकीची या प्रश्नाला त्याने नमस्कार करून वाट मोकळी करून दिली.

करार शेवटाकडून वाचावा

अशा करारांची सुरुवात नेहमी गोड असते. मानवता, वारसा, परस्पर आदर. ते सगळं वाचून झालं की लोक दमतात आणि शेवटची कलमं कुणी वाचत नाही. खरा कराराचा जीव तिथे असतो. हा करार आणि दुसरा एखादा करार यांची टक्कर झाली तर कोण कुणापुढे नमणार, हे सांगणारं एक कलम बहुधा असतंच. आधी ते शोधावं.

2005 च्या करारात ते विसावं कलम आहे. त्याचा पहिला भाग म्हणतो, हा करार इतर कुठल्याही कराराच्या खालचा नाही, आणि इतर करारांचा अर्थ लावताना देशांनी याचाही विचार करावा. वाचून बरं वाटतं. लगेच दुसरा भाग येतो: या करारातल्या कशाचाही अर्थ असा लावू नये, की ज्यामुळे इतर करारांखालचे देशांचे हक्क आणि जबाबदाऱ्या बदलतील. म्हणजे मी तुझ्यापेक्षा लहान नाही, पण तुझ्या वाटेला जाणार नाही.

2003 चा अमूर्त वारशाचा करार तर याहून सरळ बोलतो. त्याच्या तिसऱ्याच कलमात लिहिलंय, की बौद्धिक संपदेच्या इतर करारांतून येणाऱ्या हक्कांना आणि जबाबदाऱ्यांना यामुळे धक्का लागत नाही. एरवी शेवटी ठेवायची गोष्ट यांनी निदान सुरुवातीलाच सांगून टाकली.

याचा प्रत्यक्ष परिणाम 2009 मध्ये दिसला. परदेशी पुस्तकं, चित्रपट आणि संगीत ठरावीक सरकारी कंपन्यांमार्फतच आयात करायचं, असा चीनचा नियम होता. अमेरिकेने व्यापार संघटनेत तक्रार केली. चीनने आपली बाजू मांडताना युनेस्कोच्या कागदांचा दाखला दिला. अमेरिका त्या करारात नव्हतीच, आणि इतर करारांना धक्का लावत नाही असं करारच सांगतोय. चीन हरला. आता चीनचा हेतू विविधता जपण्याचा होता की मजकुरावर पहारा ठेवण्याचा, हा प्रश्न कुणालाही पडेल आणि तो रास्त आहे. संस्कृती जपण्याच्या नावाखाली सरकारं काय काय करू शकतात, ही या कराराच्या विरोधकांची भीती अगदीच पोकळ नव्हती.

वाद झाला तर काय, याचंही उत्तर दोन्ही संसारांत वेगळं आहे. व्यापार संघटनेत निवाडा आणि जकात. युनेस्कोत बोलणी, मध्यस्थी, फार तर समेट घडवणारा आयोग. आणि सदस्य होताना एखादा देश हा आयोगही मला लागू नको असं सांगू शकतो. एकाच्या तोंडात दात आहेत, दुसऱ्याच्या तोंडात फक्त शब्द.

म्हणून करार निरुपयोगी ठरत नाही. एखाद्या देशाला बलाढ्य शेजाऱ्याशी व्यापार करार करताना ‘चित्रपट यात नको’ म्हणायचं असेल तर त्याला निदान आंतरराष्ट्रीय आधार मिळतो. पण आधार असला तरी पेलायची ताकद लागतेच. दक्षिण कोरियात प्रत्येक चित्रपटगृहाला वर्षाकाठी 146 दिवस कोरियन चित्रपट दाखवणं सक्तीचं होतं. अमेरिकेशी मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू व्हावीत म्हणून 2006 साली सरकारने ते निम्म्यावर, 73 दिवसांवर आणलं. युनेस्कोच्या मतदानाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

युनेस्कोच्या यादीत नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबावंच लागेल. एखादी कला, सण किंवा कौशल्य अमूर्त वारशाच्या यादीत गेलं की बातम्यांत ‘आमचा हक्क जगाने मान्य केला’ असा सूर लागतो, आणि शेजारी देशाच्या पोटात दुखतं. यादीचा अर्थ एवढाच, की ही परंपरा जिवंत आहे, ती जपण्याची तयारी त्या देशाने दाखवली आहे आणि समाजाची त्याला संमती आहे. शिकारी पक्षी पाळण्याची कला 2010 साली एकदम 11 देशांच्या नावे नोंदली गेली आणि पुढे आणखी देश येत 2021 मध्ये ही संख्या 24 झाली. मालकी असती तर एका कलेचे 24 मालक झाले असते का? यादीतल्या नावावरून तुम्ही कुणाला नोटीस पाठवू शकत नाही.

असाच घोळ भौगोलिक मानांकनाबाबत होतो. ट्रिप्समध्ये त्याची सोय आहे, आणि समूहाला मिळणारा तो जवळपास एकमेव बौद्धिक संपदा हक्क आहे. त्याला ठरावीक मुदतही नसते. पण तो फक्त मालाच्या नावापुरता मिळतो. त्या प्रदेशाबाहेरच्या कुणी ते नाव आपल्या मालावर लावू नये, एवढंच. तीच वीण, तीच नक्षी दुसऱ्या नावाने विकली तर मानांकन काही करू शकत नाही. आणखी एक गंमत: ट्रिप्सच्या तेविसाव्या कलमात वाइन आणि मद्याला जादा संरक्षण आहे. ग्राहकाची फसवणूक होत नसली तरी तिथे नाव वापरता येत नाही. हातमाग, मातीकाम, लाकूडकाम यांना हे जादा संरक्षण नाही. वाटाघाटींच्या टेबलावर कोण जोरात बोलत होतं, हे ओळखायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

वनस्पती, ज्ञान आणि टक्केवारी

नक्षी आणि गाण्यांपेक्षा औषधी ज्ञानाचं भांडण करारांच्या बाबतीत पुढे सरकलं, कारण तिथे पैसा स्पष्ट दिसतो. 1995 साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून ठेवले, आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. पेटंट रद्द झालं ते ‘हे आमचं आहे’ म्हणून नव्हे, ‘हे नवं नाही’ म्हणून. हा फरक बारीक आहे पण मोठा आहे. पारंपरिक ज्ञानाच्या नोंदींचे डिजिटल संग्रह याच तर्कावर उभे आहेत. ते दुसऱ्याला कुलूप लावू देत नाहीत. ज्ञान ज्यांचं आहे त्यांच्या हातात किल्ली मात्र देत नाहीत.

किल्ली देण्याचा प्रयत्न दुसऱ्या बाजूने झाला. 1992 च्या जैवविविधता कराराने म्हटलं, की स्थानिक समाजांच्या ज्ञानाचा वापर त्यांच्या संमतीने व्हावा आणि फायद्यात त्यांना वाटा मिळावा. 2010 च्या नागोया करारनाम्याने त्याची रीत ठरवली: आधी माहिती देऊन परवानगी, मग वाटणीच्या लेखी अटी. हे कसं चालतं ते दक्षिण आफ्रिकेच्या हूडियाच्या गोष्टीत दिसतं, आणि ती नागोयाच्याही आधीची आहे. कालाहारीतले सान शिकारी लांबच्या वाटेवर भूक मारायला हूडिया नावाची काटेरी वनस्पती चघळतात. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने तिच्यातल्या भूक मारणाऱ्या घटकाचं पेटंट घेतलं आणि वजन कमी करण्याच्या औषधासाठी त्याचे हक्क परवान्याने पुढे दिले. सान लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. गवगवा झाल्यावर 2003 मध्ये समझोता झाला: टप्प्याटप्प्याने येणाऱ्या रकमांतले 8 टक्के आणि संस्थेला मिळणाऱ्या रॉयल्टीतले 6 टक्के सान लोकांना. नीट बघा, विक्रीचे नव्हे, संस्थेच्या वाट्याचे. मग एकापाठोपाठ एक मोठ्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं, औषध बाजारात आलंच नाही, आणि सहा टक्के कशाचे हा प्रश्न उरला.

चोवीस वर्षं आणि एक करार

पारंपरिक ज्ञान आणि बौद्धिक संपदा यांचा एकत्र विचार करायला वायपोने 2000 साली एक समिती नेमली. आदिवासी समाजांचे प्रतिनिधी तिथे बोलू शकतात, मत मात्र देशांचंच. तिच्या कामातून पहिला करार निघाला 24 मे 2024 ला. शोध एखाद्या जनुकीय स्रोतावर, म्हणजे वनस्पती, प्राणी किंवा सूक्ष्मजीव यांच्यातल्या आनुवंशिक द्रव्यावर आधारलेला असेल तर तो कुठल्या देशातून आला, आणि त्यासोबतचं ज्ञान वापरलं असेल तर ते कुठल्या समाजाकडून मिळालं, हे पेटंटच्या अर्जात सांगायचं. कराराचा गाभा एवढाच. पेटंटच्या दुनियेत समाजाचं नाव लिहिण्याची सक्ती आंतरराष्ट्रीय करारात पहिल्यांदाच आली, म्हणून ही गोष्ट छोटी म्हणता येणार नाही.

पण आपण शेवटाकडून वाचायचं ठरवलंय. अर्जदाराने सांगितलेलं खरं की खोटं हे तपासायचं बंधन पेटंट कार्यालयांवर घालायचं नाही, असं करारात आहे. आणि केवळ माहिती दिली नाही एवढ्यावरून मिळालेलं पेटंट रद्द करायचं नाही. फसवण्याचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. हेतू सिद्ध कुणी करायचा? ज्याच्याकडे वकील आहे त्याने.

करार रखडत असताना काही देशांनी घरच्या घरी मार्ग काढले. न्यूझीलंडमध्ये ‘का माते’ हा हाका, म्हणजे माओरी आदिवासींचा घोषणांसह केला जाणारा नाच, जगभर रग्बीच्या मैदानामुळे माहीत झाला. नगाती तोआ या जमातीचा मुखिया ते राउपाराहा याने तो साधारण 1820 च्या सुमारास रचला. कॉपीराइटच्या कुठल्याही हिशेबात मुदत कधीच संपलेली. 2014 साली तिथल्या संसदेने त्या एका हाकासाठी स्वतंत्र कायदाच केला. व्यापारी प्रकाशनात, प्रसारणात किंवा चित्रपटात तो वापरलात तर रचनाकाराचं आणि जमातीचं नाव द्यायचं. नाव दिलं नाही तर जमात कोर्टाकडून ‘यांनी नाव द्यायला हवं होतं’ असा निर्वाळा मागू शकते. भरपाई नाही, बंदी नाही. एवढ्यासाठी कायदा कशाला, असं वाटेल. पण युम्बुलुल आणि बुलुन बुलुन यांच्या समाजांना जे कॉपीराइटमध्ये मिळालं नाही, ते इथे कायद्यात आलं: कृतीशी एका समाजाचं नातं आहे, आणि ते मुदतीने संपत नाही.

बौद्धिक संपदेचे करार बदलतच नाहीत, असंही नाही. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या ब्रेल किंवा ध्वनी आवृत्त्या कॉपीराइटच्या परवानगीशिवाय करता याव्यात आणि एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता याव्यात, हा प्रस्ताव वायपोत 2009 साली मांडला गेला आणि 2013 मध्ये माराकेशला करार झालासुद्धा. चार वर्षं. तिथे मागणी अपवादाची होती. मालकी कुणाची हा प्रश्न कुणी उघडला नव्हता.

2024 च्या करारात वनस्पती आणि तिच्याबद्दलचं ज्ञान आलं. गाणी, नाच, नक्षी, कथा आणि विधीचे खांब यांच्यासाठीचा वेगळा मसुदा त्याच समितीपुढे अजून पडून आहे. अशा मसुद्यांची एक रीत असते: ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकटी कंसात ठेवायचा. संरक्षण कशाला द्यायचं, किती वर्षं, पवित्र आणि गुप्त गोष्टींना वेगळे नियम लावायचे का, लाभ समाजाला मिळावा की देशाला, अशा जवळपास प्रत्येक ठिकाणी तुम्हाला कंस भेटतात. समिती बसते, काही कंस काढते, काही नवे घालते, आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवून उठते.